नवशीचं सुतक

या, अशा पुढं सरका. उंबऱ्यावर बसून कधी गोष्ट ऐकू नये. कीर्तनालासुद्धा बुवा आधी भिंतीला टेकलेल्यांना पुढं बोलावतात, मगच टाळावर टाळ पडतो. ही चटई घ्या. सुक्या बोंबलांचा वास येतोय, त्याला इलाज नाही, समोरच वाळत घातलेत. मी आज तुम्हाला एक आख्यान सांगणार आहे. पूर्वरंग लांबवत नाही. एवढंच सांगते की या गोष्टीत वाईट माणूस एकही नाही, पण जळणारा मात्र जो तो आहे.

आमच्या शेजारच्या सोनूबाईचा मोठा मुलगा चंदर. डहाणूच्या खाडीत त्याची होडी. माणूस कामाचा, दारू नाही, पत्ते नाहीत. एकच वेड, बॉक्सिंग. आता आमच्या मच्छीमारांच्या वस्तीत बॉक्सिंग कुठून आलं म्हणाल, तर ते आलं तलासरीहून. तलासरीकडच्या एका पाड्यावरची नवशी नावाची मुलगी ठोसे मारत मारत पार परदेशात गेली आणि सोन्याचं पदक घालून परत आली. डावखुरी होती. समोरची बाई उजव्या हाताकडे बघत राहायची आणि डावा कधी लागला ते तिला खाली पडल्यावर कळायचं. चंदर भर समुद्रात, जाळं टाकून झालं की मोबाईलवर तिच्या लढती बघायचा. नेटवर्क गेलं की होडी किनाऱ्याकडे वळवायचा. मासे गेले तरी चालतील!

एकदा कोसबाडला नवशीचा सत्कार होता. चंदर गेला, तिच्याशी हात मिळवला, फोटो काढला. तो फोटो त्याच्या मोबाईलवर कायमचा. चंदरची बायको रुपल, ती एकदा मला म्हणाली, "काकी, आमच्या लग्नाचा फोटो कपाटात साड्यांखाली आणि ती बाई चोवीस तास याच्या खिशात. मोबाईल उघडला की पहिलं तोंड तिचं."

मी म्हटलं, "अगो, देवाचा फोटो ठेवतात तसा ठेवलाय तो."

"देवाला असे दंड असतात का?" रुपल म्हणाली.

तर अशी ती नवशी एका सकाळी गेली. लांब कुठंतरी शिबिराला होती. सकाळचं धावून आली, पाणी प्याली, बाकावर बसली, ती बसली ती बसलीच. तिशीचं वय. डॉक्टर हृदय म्हणाले. बातमी इथं आली तेव्हा चंदर बंदरावर बर्फ भरत होता. बर्फाची पाटी त्याच्या हातातून सुटली आणि तो तिथंच ओल्या फरशीवर बसून पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं काय केलं असेल? न्हाव्याकडे जाऊन डोकं चकोट करून आला. घरी कुणाला विचारलं नाही. होडी बांधून ठेवली. म्हणाला, "मला सुतक आहे."

आता आमच्याकडे धडधाकट बापई माणूस डोकं काढून दिसला तर लोक काय समजणार? आई गेली किंवा बाप गेला. बाप तर चंदरचा केव्हाच गेलेला. राहिली कोण?

मी त्या दिवशी बाजारात सोनूबाईच्या पलीकडेच बसले होते. ती नेहमीप्रमाणे मांदेली घेऊन बसलेली, रुपल बोंबील निवडत. इतक्यात दोन बायका लांबूनच पदर तोंडाला लावून आल्या. रुपलच्या गळ्यात पडल्या. "काय गो हे! कालपर्यंत बाजारात होती म्हातारी! बोलता बोलता गेली ना!"

रुपलला कळेना. मागून एक ओळखीच्या गुजराती बेन आल्या, त्यांनी हात जोडले. "बहु सारा माणस हता, सोनूबेन." म्हणजे फार चांगलं माणूस होतं.

सोनूबाई पाटीमागून उठली. हातात कोयता. "कोन गेली? मी गेली? आँ? ही काय माझी मांदेली भूत विकतंय?"

बाजार हसून हसून लोळला. त्या बायका किंचाळल्याच आधी, मग त्यांनी चंदरच्या डोक्याचं सांगितलं. सोनूबाईनं मांदेली तशीच टाकली, घरी गेली आणि अंगणात चंदरला गाठलं. "माझ्या जिवंतपनी डोकं काढलंस? त्या पोरीसाठी? मी मेल्यावर काय काढशील मग, कान?"

चंदरचा धाकटा भाऊ नयन जाळ्याला गाठी मारत होता. तो म्हणाला, "आई, तुझ्या वेळी केस उगवले नसतील तर मी माझे देईन, काळजी करू नको."

सगळे हसले. रुपल हसली नाही. ती बाजारात पण हसली नव्हती. मी पाहत होते ना. तिच्या आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्या वेळी चंदर तिच्या माहेरी फक्त दुपारपुरता गेला होता, भरती होती म्हणून लगेच परत आला होता. आणि आता हा माणूस भरती-ओहोटी सोडून घरात बसला होता. कुणासाठी, तर जिच्याशी एकदा हात मिळवला तिच्यासाठी.

पण खरी आग पुढंच लागली. ती होडीवरून.

चंदर आणि नयन नवीन होडी बांधत होते. खाडीच्या काठावर ती तयार उभी होती, रंग लावून झालेला, फक्त नाव लिहायचं राहिलं होतं. होडीचं पुढचं टोक असतं, त्याला आम्ही नाळ म्हणतो, नाव तिथं लिहितात. आणि होडी पाण्यात उतरते त्या दिवशी मालकाची बायको त्या नाळेला हळदकुंकू लावते, होडीची ओटी भरते. नवी सून घरात घेतात तसं. तिनं ओटी भरल्याशिवाय होडीला कुणी हात लावत नाही. लाकूड आणायला सुरुवात झाली तेव्हाच चंदरनं रुपलला सांगितलं होतं, हिचं नाव 'रुपल'. वस्तीतल्या सगळ्या बायकांना रुपलनं ते सांगितलं होतं. मलाच तीनदा सांगितलं.

सुतकाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी चंदर जेवता जेवता म्हणाला, "होडीला नवशीचं नाव देतो. अच्छाडचा मनिष येतोय लिहायला. ट्रकवर नावं लिहितो तो. तिच्या फॅन लोकांचा तोच पुढारी आहे. फुकट लिहून देतो म्हणाला."

रुपलनं ताटातला हात काढला. "आणि माझं?"

"तुझं काय? तू आहेस ना घरात."

"म्हणजे मला मरावं लागेल."

"असं काय बोलतेस? ती चॅम्पियन होती गं. अख्ख्या देशात..."

"तिनं मारलेलं तुला दिसतं, मी उन्हात मरते ते नाही दिसत," रुपल म्हणाली. "तुझी होडी, तुझं नाव, तू लिही. ओटी मी भरणार नाही. तिलाच बोलाव वरून भरायला."

सोनूबाई नेहमी मुलाची बाजू घेणारी, पण त्या दिवशी डोक्याचा राग होताच. "अवेळी गेलेल्या पोरीचं नाव पाण्यात सोडतोस? आणि सुनेनं ओटी नाही भरली तर मीपन भरनार नाय. मी तर मेलेली हाय ना!"

झालं. होडी काठावर, नाव नाही, ओटी नाही. चंदर बायकोशी बोलेना, बायको चंदरशी. नयन तेवढा दोघांच्या मध्ये निरोप नेत होता, आणि निरोप पोचवताना त्यात आपल्या पदरचं मीठ घालत होता.

पुढं नवशीच्या दिवसांचं ठरलं. तलासरीला तिच्या पाड्यावर, घरासमोरच्या मोकळ्या जागेत. मनिषनं सगळीकडे कळवलं की विधी झाल्यावर शोकसभा आहे आणि हर्षदाताईंचं कीर्तन आहे. हर्षदाताईंचं कीर्तन म्हटल्यावर मी घरी कशी बसू? त्यांचा आवाज असा, की टाळ वाजवणाऱ्याचा हात आपोआप थांबतो. चंदर जीप करून निघालाच होता, मी टाळ घेऊन मागं चढले. बघते तर रुपल आधीच येऊन बसलेली, नवी साडी, केसात फुलं.

"दिवसाला चाललीस की लग्नाला?" मी हळूच विचारलं.

"ती कोण होती ते बघायला चाललेय," ती म्हणाली. "काकी, तुम्ही कीर्तन ऐका. मी घर बघते."

तिथं पोचलो तर माणसांचा समुद्र. रानशेतपासून माणसं आली होती. मंडपात नवशीचा मोठा फोटो, दोन्ही मुठी हनुवटीजवळ. चंदर उतरला तो आपली टोपी काढूनच, म्हणजे डोकं दिसावं. आणि त्याचं तोंड एकदम उतरलं. मंडपात चकोट डोक्यांची रांगच होती! मनिषनं तर डोक्याबरोबर मिशीपण काढली होती. चंदर माझ्या कानाशी म्हणाला, "मिशी काढायचं माझ्या लक्षातच नाही आलं, काकी."

मग माईक सुरू झाला. काय सांगू तुम्हाला! जो उठे तो म्हणे, नवशी मला ओळखत होती. एक म्हणाला, तिनं माझ्या हातचा चहा घेतला. दुसरा म्हणाला, चहा काय, माझ्या रिक्षातून ती दोनदा गेली आणि रिक्षाला मी तिचंच नाव दिलंय. तिसऱ्यानं आपल्या टपरीला दिलं होतं. मनिष म्हणाला, ती सगळी नावं लिहिली कुणी? मीच ना? या तालुक्यात तिचं नाव माझ्याइतक्या वेळा कुणी लिहिलंय सांगा! चंदर उठला, म्हणाला, मी तिच्यासाठी समुद्र सोडला. मागून कुणीतरी म्हणालं, "सुटीवर सगळेच असतात रे." भांडण व्हायचंच, पण तेवढ्यात पेटीचा सूर लागला आणि हर्षदाताई उभ्या राहिल्या.

त्यांनी नमन म्हटलं आणि पहिलंच वाक्य काय बोलल्या? "देवळात गर्दी झाली की प्रत्येकाला वाटतं देव माझ्याकडेच बघतोय. ते गोड आहे. पण शेजारच्यालाही तसंच वाटतंय हे कळलं, की आपला नमस्कार कडू होतो." मला तर वाटलं, बाई जीपमध्ये आमच्याबरोबरच होत्या.

आता रुपलचं ऐका. हे तिनं मला परत येताना सांगितलं, तिच्याच तोंडचं सांगते.

ती मंडपातून उठून घराच्या मागं गेली. तिथं पाण्याचं पिंप होतं आणि एक माणूस पेले भरून भरून ट्रेमध्ये ठेवत होता. साधा शर्ट, डोक्यावर दाट केस, दाढी वाढलेली. रुपलनं पेला घेतला. वाढपी असेल असं वाटून म्हणाली, "काय हो भाऊ, इतके लोक रडतायत, या बाईनं यांना एवढं काय दिलं?"

तो म्हणाला, "तेच मला कळत नाही, ताई. मला तर तिनं वेळपण दिला नाही."

"तुम्ही कोण?"

"प्रविण. नवरा."

रुपलनं पेला ट्रेमध्ये ठेवला. तिनं त्याच्या डोक्याकडे पाहिलं. त्याला समजलं. तो हसला, पण ते हसणं, रुपल म्हणाली, कोरड्या विहिरीत बादली आपटते तसं होतं. "सकाळी न्हावी बोलावला होता. हे सगळे आधीच रांगेत बसले. मी म्हटलं पाहुणे आहेत, होऊ दे त्यांचं. मग त्याचा वस्तरा बोथट झाला, हात भरून आले, तो जेवायला बसला. मला म्हणाला, तुम्ही घरचेच आहात, तुमचं नंतर करू. तेवढ्यात कीर्तनवाल्या ताई आल्या."

तो पेले भरत राहिला आणि बोलत राहिला. बहुतेक बरेच दिवस बोलला नव्हता.

"घरी यायची तेव्हा अंगणात हीच माणसं. फोटो, हार, भाषण. रात्र व्हायची तेव्हा दमून झोपायची. सकाळी परत गाडी. मी शेजारी बसून तिचा डावा हात चोळून द्यायचो, तो सुजायचा ना, तेवढाच हात माझा. तुम्ही कुठल्या?"

"डहाणूची. होडीवाल्याची बायको. तुमच्या बायकोपायी माझं घर पेटलंय." आणि तिनं होडीची सगळी गोष्ट त्याला सांगून टाकली. म्हणाली, मला लाज वाटली नाही, काकी, कारण तो पण जळत होता आणि मी पण. आम्ही दोघं एकाच चुलीतली लाकडं.

प्रविणनं ट्रे खाली ठेवला. "ताई, एक सांगू? नका घालू देऊ तिचं नाव. टपरीवर आहे, रिक्षावर आहे, क्रिकेटच्या कपावर आहे. रस्त्यानं जाताना कुणी 'नवशी, थांब!' असं ओरडलं की मी मागं वळून बघतो. ती रिक्षा असते. घरात तिला एकट्यानं हाक मारावीशी वाटते, तर ते नाव आता माझं राहिलेलंच नाही."

रुपलला हवं होतं ते मिळालं होतं की नाही? खुद्द नवरा म्हणतोय, नाव नको. तिनं गपचूप जाऊन चंदरला सांगायचं आणि जिंकायचं. पण ती तशीच तरातरा मंडपात आली. तेव्हा पूर्वरंग संपला होता. कीर्तनात मध्यंतराला बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. तो हार कुणी घालायचा यावरून मनिष आणि रिक्षावाल्याची ओढाओढ चालली होती, हार तुटायच्या बेताला आलेला. रुपल दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"तुम्ही सगळे रडलात," ती म्हणाली. तिला माईक लागत नाही, बाजारात बसणारीचा गळा तो. "डोकी काढलीत, मिशा काढल्यात. तिचा नवरा कुठाय, कुणी बघितलं का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मनिष म्हणाला, "प्रविणभाऊ? इथंच असतील की. पाण्याचं बघतायत बहुतेक."

"त्याची बायको मेलीय आणि तो तुम्हाला पाणी पाजतोय! त्याच्या वाटणीचा न्हावी पण तुम्ही खाल्लात!"

हर्षदाताईंनी गळ्यातली वीणा उतरवली. म्हणाल्या, "उत्तररंग थांबेल. आधी त्यांना आणा. हार मला नको, त्यांच्या हातात द्या, ते फोटोला घालतील."

प्रविणला आणलं. तो येत नव्हता, दोघांनी धरून आणला. जेवून आडवा झालेल्या न्हाव्याला उठवलं. मंडपातच पाट मांडला, फोटोसमोर. वस्तरा चालला आणि केस पडायला लागले तेव्हा तो माणूस पहिल्यांदा रडला. आवाज नाही. फक्त खांदे हलत होते. आणि आजूबाजूला सगळी चकोट डोकी खाली. चंदरनं तर टोपी घालून कानांपर्यंत ओढून घेतली. मीही टाळ मांडीवर ठेवून देवाला म्हटलं, बघ रे बाबा, तुझ्या गर्दीत असा एखादा मागं पाणी भरत असेल तर त्याच्याकडे आधी बघ.

मग उत्तररंग झाला. काय आख्यान लावलं होतं ते मला आज आठवत नाही, आणि असं माझं कधी होत नाही.

परतताना जीपमध्ये चंदर म्हणाला, "मनिषला सांगितलं मी. 'रुपल' लिही म्हणून."

"माझ्यावर उपकार नकोत," रुपल म्हणाली.

"उपकार नाहीत गं."

"त्याला विचारलंस का? प्रविणला?"

"त्याला काय विचारायचं? तुझं नाव तुला विचारायचं."

"मग विचार."

चंदरनं विचारलं. जीपवाला आरशातून बघत होता, मी समोर बसलेली, तरी त्यानं विचारलं. रुपल म्हणाली, "मोठ्या अक्षरात लिही. दुरून वाचता आलं पाहिजे." आणि थोड्या वेळानं, "रडायचं असेल तर रड तिच्यासाठी. घरात रड. मला लपवून रडू नको, त्याचाच मला जास्त राग येतो."

होडी उतरली त्या दिवशी हवा छान होती. मनिषनं येऊन नाव लिहिलं होतं, झोकदार, 'रुपल'च्या शेवटी एक लाट काढलेली. रुपलनं प्रविणला बोलावणं धाडलं होतं. कुणाला वाटलं नव्हतं येईल. पण आला, डोक्यावर बारीक खुंट उगवलेले, हातात घरच्या चिकूंची पिशवी. रुपलनं ओटी भरली, नाळेला हळदकुंकू लावलं, सोनूबाईनं "मी जिवंत हाय" असं सगळ्यांना ऐकवत नारळ फोडला. पहिला प्रसाद रुपलनं कुणाला दिला? प्रविणला. पहिल्या फेरीत पुढं नाळेजवळ कुणाला बसवलं? प्रविणला. "भाऊ, नीट धरून बसा हां. भाऊ, भिजाल. भाऊ, पाणी देऊ?"

चंदर मागं मशीन धरून उभा. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. नयन मला म्हणाला, "काकी, दादाचं डोकं उन्हानं लाल झालंय की कशानं?"

मी म्हटलं, "गप बस. लागू दे त्याला थोडं."

होडी खाडीच्या तोंडापर्यंत गेली. प्रविण पाठमोरा बसला होता, आमच्याकडे पाठ, समुद्राकडे तोंड. एकदा त्यानं तोंडाशी हात धरून काहीतरी हाक मारली. मशीनच्या आवाजात कुणालाच ऐकू आली नाही. चंदरनंही विचारलं नाही आणि रुपलनंही नाही.

झालं आख्यान. आता आरतीच्या आधी एक मागणं मागते. नवशीला तुम्ही विसरणार नाही, ती टपरीवर आहे, रिक्षावर आहे, कपावर आहे. पण संध्याकाळी दिवा लावाल तेव्हा घटकाभर प्रविणची आठवण काढा. तलासरीला असतो, चिकूची चार झाडं आहेत, एकटाच राहतो.